एकशे चौऱ्याहत्तरचा ठेका

३ जून, सोमवार
ट्रॅक सुरू. ड्रम अँड बेस, मिनिटाला एकशे चौऱ्याहत्तर ठोके, वर माईकवरून माझं ग्राइम, म्हणजे आमचं लंडनी रॅप. हल्लीची पोरं एकशे चाळीसवरच धापा टाकतात. मी चव्वेचाळीसचा, पण फुफ्फुसं विशीतली. पूर्व लंडनच्या सगळ्या बो भागाला कळेल, एमसी ट्रेमर अजून जिवंत आहे.

५ जून
मर्लिन म्हणाली, लेकीचं, केशाचं बाळंतपण आपल्याकडे आहे, बारक्या खोलीत पाळणा लागेल, स्पीकर काढ. मी ठणकावलं, बावीस तारखेला वसाहतीच्या जत्रेत रिलोड मिळाला तर स्पीकर राहतील. वीस वर्षं संसार करूनही तिला समजावावं लागलं: लोक चेकाळले की डीजे रेकॉर्ड मागे ओढून पुन्हा पहिल्यापासून लावतो. एमसीला याहून मोठा मान नाही. मर्लिन हो म्हणाली. जरा फारच पटकन म्हणाली.

९ जून
खालच्या अदेयेमी आंटी झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. बरोब्बर ठेक्यात. पहिली फॅन!

१३ जून
लिफ्टमध्ये आंटी म्हणाल्या, "क्लाइड, तो धडाम् यायच्या आधीच रोज तोंड का उघडतोस रे?" चर्चमध्ये गाणाऱ्या बाईला यातलं काय कळणार!

१८ जून
सोळा ओळींना श्वास पुरत नाही. लंडनची हवाच वाईट. आठ करतो.

२० जून
चार. मोजकं बोलणाऱ्याचंच लोक ऐकतात.

२२ जून, संध्याकाळी ६
दुपारी हॉल गच्च. डीजे फिट्झने माझा ट्रॅक लावला, मी पहिली ओळ हाणली आणि त्याने रेकॉर्ड मागे ओढली. पहिल्याच ओळीला रिलोड! हात वर केले. पुन्हा हाणली, पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा फिट्झ माईकवरून म्हणाला, "क्लाइडभाऊ, ड्रम अजून पडलेच नाहीत. दम धर की!" लोक हसले. आदराने असावं.

तेवढ्यात आंटी हॅट सावरत पुढे आल्या. म्हणाल्या, तीन आठवडे छतातून हेच ऐकतेय, दे इकडे. माईक घेऊन थांबल्या. थांबल्या. बेस छातीत कोसळला आणि नेमक्या त्याच क्षणी कडाडल्या, "आवाज कमी कर! माणसं राहतात खाली!" पुढे सोळा ओळी शिव्या, एकही ठोका न चुकवता. लोकांनी भिंती बडवल्या. फिट्झने रेकॉर्ड ओढली.

ट्रॅक माझा, म्हणजे रिलोडही माझाच. मर्लिनला हे पटत नाही. वाईट वाटलं. रडलो नाही. डोळ्यांत बाहेर निखाऱ्यावर भाजत असलेल्या तिखट जर्क चिकनचा धूर गेला होता.

३० जून, सकाळी ११
पाळणा आला. स्पीकर आंटींनी मागून नेले. फिट्झने त्यांना पुढच्या जत्रेलाही बोलावलंय, सराव हवा म्हणे. मी हार मानलेली नाही. पण सकाळपासून खालून नुसता दणदणाट, पाळणा हलतोय. शेवटी झाडू घेतला आणि दांड्याने जमीन ठोकली.

खालून आंटी ओरडल्या, "क्लाइड, आता उशिरा मारतोयस!"