गालावरचा हात

ता. ९ मार्च

प्रिय ताई,

तुला नमस्कार, छोटीला पापा. पत्र मिळालं. नव्या नोकरीत रात्रपाळी आहे, म्हणून छोटीला वर्षभर आमच्याकडे ठेवायचं म्हणतेस. बाबांनी लगेच खिडकीजवळची खाट रिकामी केली. उत्तर मी लिहितो, असं त्यांना सांगितलं. खाडाखोड झाली म्हणून आधीचा कागद फाडला.

जबड्याचं विचारलंस. कानापुढचा सांधा अजून कटकट वाजतो, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. दंतवैद्य म्हणाले, दात ठणठणीत आहेत, पण झोपेत तू ते आवळतोस. त्यांनी रात्री दातांवर बसवायला पारदर्शक पट्टी करून दिली. ती मी रोज घासून ठेवतो. "पट्टीला इतकं जपणारा पेशंट पहिलाच," म्हणाले, आणि तिच्यावर उमटलेले दातांचे खड्डे बोटाने चाचपू लागले. सांधा दुखावला कसा, हे विचारल्यावर बाबाच बोलले, "जिन्यात पडला. धांदरट आहे नुसता." मी मान हलवली.

फिजिओथेरपिस्ट बाई बोलक्या आहेत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, असं दिवसभर राहायचं. "दातांना सुट्टी दे रे बाबा, जेवताना बोलव," म्हणतात. हातमोजा घालून गालाच्या आतला स्नायू बोटाने दाबतात, तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. घरी बाहेरून मालिश करायला कुणीतरी हवं, म्हणून परवा त्यांनी बाबांना शिकायला बोलावलं. ताई, बाबा मनापासून आले होते. हात धुऊन, बाह्या सारून उभे राहिले.

बाईंचं बोट माझ्या तोंडात होतं. "काका, तळहात असा गालावर ठेवा. हलकेच."

बाबांनी हात उचलला आणि माझे दात मिटले.

"अरे, सोड! चावतोस काय जनावरासारखा?" बाबा ओरडले. मला सोडताच येईना. बाईंनी दुसऱ्या हाताने माझी हनुवटी दाबून बोट काढलं. हातमोजा लाल झाला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या हाताकडे.

"काका, जरा बाहेर बसा."

दार लावून त्यांनी एवढंच विचारलं, "घरात आणखी कोण असतं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "भाची येणार आहे. सहा वर्षांची."

ताई, आपल्या लहानपणी बाबांनी आपल्याला बोटही लावलं नाही, हे मला आठवतं. पण आई गेल्यापासून त्यांना आवाज सोसत नाही. भांडं पडलं, दार आपटलं, की बाबा बाबा राहत नाहीत. नंतर स्वतःच गरम पाण्यात टॉवेल पिळून आणतात आणि माझ्या उशाशी बसून रडतात. मी घरात अनवाणी चालतो, ताटात चमचा वाजू देत नाही. मला जमतं. छोटी तर दिवसभर गाणी म्हणते.

तिला पाठवू नकोस. शाळेत जागा मिळाली नाही, असं मी बाबांना सांगेन. तू फोनवर काही बोलू नकोस, ते शेजारीच बसलेले असतात.

माझी काळजी करत बसू नकोस. त्यांना एकटं सोडवत नाही. इथे मी एकटा पुरे आहे.

तुझा,
धाकटा