बिल नंबर एकशे अठ्ठेचाळीसची मागची बाजू

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, बुधवार

श्री. बसप्पाण्णा व्याही, मु. पो. दुधनी, यांना शिवपुत्राचे शरणु शरणार्थी. गुरम्मा विहीणबाईंनाही तसेच, पण दोन पायऱ्या खाली उभं राहून.

वि. वि. तुमच्या गुडघ्याचं दुखणं उतारावर असेल अशी आशा आहे. आडतीत मांडी घालून तुरीचे नमुने बघू नका, खुर्ची घ्या, असं मी सुपारी फुटली त्या दिवशीच म्हणालो होतो. पण आपल्या वयाचा माणूस दुसऱ्याला खुर्ची सांगतो आणि स्वतः मांडीच घालतो. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. (पत्रात असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. क्षेम नाही. ते पुढं येईलच.)

हातात फोन असताना या माणसाला पोस्टाचं पाकीट कुठून सुचलं, असं तुम्हाला वाटेल. तर अण्णा, गेल्या गुरुवारपासून मी तुम्हाला अकरा फोन केले. पहिल्या दोन वेळा नुसती घंटा वाजली, पुढच्या नऊ वेळा एक बाई कन्नडमधून काहीतरी सांगत होत्या (तुमचं गाव महाराष्ट्रातलं आहे, पण टॉवर पलीकडचा दिसतो). व्हॉट्सॲपवर शुभ सकाळ घातलं, सोबत नंदीचं चित्रही घातलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. येत्या सोमवारी लग्नाची यादी करायला बसायचं ठरलेलं, आणि व्याह्यांचा पत्ता नाही. आमच्या मंडळींनी घरात बोलणं कमी केलंय, जे एवढ्या वर्षांत मला कधी साधलं नव्हतं. आमची महेश्वरी जेवायला बसते, भाकरीचे तुकडे करते, आणि तुकडे तसेच ठेवून उठते. मला ते बघवत नाही, म्हणून मी आधी जेवून घेतो, आणि मग तेही जात नाही.

कारण कळलं ते असं. तुमच्या अमरेशरावांनी महेश्वरीला सांगितलं (दोघं रोज फोनवर बोलतात हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि आपल्याला माहीत नाही असं आपण दोघंही धरून चाललोय), महेश्वरीनं आईला सांगितलं, आणि आईनं मला, आमटी वाढता वाढता. गेल्या आठवड्यात सोमवारी तुम्ही दोघं आलात, आणि विहीणबाईंनी आमच्या दुकानातून आहेराचे टॉवेल, टोप्या आणि चादरी नेल्या. बिल घरी आरशासमोरच्या खिळ्याला टोचून ठेवलं, ते नेमकं पाठमोरं. गुरुवारी सकाळी कुंकू लावायला उभ्या राहिल्या तर आरशात बिलाची मागची बाजू, आणि तिच्यावर माझं अक्षर, चांगलं वाचता येण्यासारखं: "तोंड गोड, हात आखडता. अख्खं दुकान उलगडायला लावतात. मिशीवर हात गेला की समजावं, घेणार नाहीत. पुन्हा आल्यास पाणी विचारावं, चहा नको."

आता तुम्हाला मिशी आहे, आणि नामी आहे. त्या दिवशी तुम्ही तिच्यावरून हातही फिरवला होता. वर आम्ही तुम्हाला पाणीच दिलं होतं, चहा दिला नव्हता. म्हणजे एखाद्या वकिलानं बसून पुरावा जमवला असता तरी इतका नेटका जमला नसता. अण्णा, अक्षर माझंच आहे, ते मी नाकारत नाही. पण ते लिहिलं होतं दुसऱ्याच माणसाबद्दल. हे सिद्ध करायचं तर बिलबुकापासून सुरुवात करावी लागते, आणि ते जरा लांबेल, तेव्हा मांडी मोडा आणि खुर्ची घ्या.

चाटी गल्लीत चन्नप्पा मालकांच्या दुकानात मी एकतीस वर्षं बिलं लिहितोय. दुकानात कॉम्प्युटर आहे, नाही असं नाही. पण तो होलसेलचा. किरकोळ गिऱ्हाइकाचे दोन टॉवेल आणि एक उशीचा अभ्रा बघितला की विचारात पडतो. म्हणून किरकोळीची बिलं अजून हातानं, कार्बन घालून. साध्या बिलबुकात कार्बन एकच आणि सुटा. प्रत्येक बिलाला तो उचलून पुढच्या पानाखाली घालायचा. बोटं निळी होतात, आणि त्या बोटांनी पांढरी चादर दाखवायची नसते (मी दाखवली आहे, ती आमच्या घरी आहे). शिवाय काही गिऱ्हाइकं घरी जाऊन बिलावर दोनाचे तीन करतात आणि तिसरी चादर मिळालीच नाही म्हणून भांडायला येतात. या सगळ्यावर मी उपाय काढला: सुधारित बिलबुक. वरचं पांढरं पान गिऱ्हाइकाला, खालचं गुलाबी दुकानाला, आणि प्रत्येक जोडीत तिचा स्वतःचा कार्बन कायमचा शिवलेला, तोही दोन्ही बाजूंनी शाईचा. त्यामुळं खाली गुलाबी पानावर नक्कल उठते, आणि वर पांढऱ्या बिलाच्या पाठीवर तोच मजकूर उलटा उठतो. पुढं कुणी आकडा बदललाच तर पाठ चुगली करते. मालक म्हणाले, शिवपुत्र, तुला डोकं आहे की! एकतीस वर्षांनी कळलं त्यांना. त्या दिवशी मी अर्धा किलो जिलेबी घेऊन घरी गेलो होतो.

तिथंच थांबलो असतो तर आज यादीसाठी नारळ बघत हिंडत असतो. पण सुधारणा म्हणजे खाज हो, एक जागा खाजवली की शेजारची उठते. मी गुलाबी पानावर एक चौकट छापून घेतली, शेरा म्हणून. पांढरं बिल फाडून गिऱ्हाइकाच्या हाती दिलं, ते पायरी उतरलं, की त्याच्याबद्दल दोन ओळी त्या चौकटीत लिहायच्या. म्हणजे पुढल्या खेपेला कुणापुढं कुठली थप्पी उघडायची ते कळतं. कल्पना वाईट नव्हती. प्रेसवाल्यानं गुलाबी पानाखाली सरकवायला एक जाड पुठ्ठाही दिला होता. मला वाटलं, एवढं सुधारित बुक, त्याला पुठ्ठा कशाला? मी त्याचा पंखा केला. (एप्रिल होता आणि सोलापूर होतं. तुम्हीही तेच केलं असतं.)

आणि माझा हात जड. लहानपणी गुरुजींनी अक्षर दाबून काढ म्हणून रूळ हाणला, तेव्हापासून मी दाबूनच काढतोय. मी एका गिऱ्हाइकाचा शेरा गुलाबी पानावर दाबून लिहायचो, तो खालच्या पांढऱ्या पानातून थेट त्याच्या कार्बनवर जायचा, आणि त्या कोऱ्या बिलाच्या पाठीवर उलटा छापला जायचा. पुढून बिल स्वच्छ. म्हणजे अण्णा, प्रत्येक गिऱ्हाईक आपल्या बिलाच्या मागं आधीच्या गिऱ्हाइकाची अब्रू घेऊन घरी जात होतं, आणि मी हसून या पुन्हा म्हणत होतो. पुढच्या गुलाबी पानावर शेरा आधीच उठलेला दिसायचा तो वेगळाच. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला.

आता तो सोमवार घ्या. बिल नंबर एकशे सत्तेचाळीस माळशिरसच्या बिभीषणरावांचं. त्यांनी चौदा थप्प्या उलगडल्या, मिशीवर हात फिरवला, आणि दोन टॉवेल नेले. तोंड गोड, हात आखडता हे सगळं त्यांचं वर्णन. एकशे अठ्ठेचाळीस तुमचं, आणि त्याच्या पाठीवर बिभीषणराव बसून दुधनीला आले. चहाचं म्हणाल तर मी तुम्ही पायरीवर असतानाच सांगितला होता. हॉटेलवाला आणतो आणतो म्हणाला, आणि तुमची रिक्षा वळली तेव्हा घेऊन आला, तीन कप. ते तिन्ही मी प्यालो, कारण परत कसे पाठवायचे. (गंमत ऐका. बिभीषणरावांच्या बिलामागं एकशे शेहेचाळीस नंबरचा शेरा गेला होता: "माणूस देवगुणी, आल्यास खुर्ची द्यावी." ते परवा परत आले, आपणहून खुर्ची ओढून बसले, आणि भाव न करता आठ चादरी घेतल्या. मालक म्हणतात, पुठ्ठा अजिबात घालू नकोस.)

हे सगळं मला शनिवारी दुकानात बुक पान पान उलटून बघितलं तेव्हा कळलं. पण तुम्हाला पटवायचं कसं? तुमच्याबद्दलचा खरा शेरा दुकानातल्या गुलाबी पानावर आहे. पण ते पान माझ्याच ताब्यात, मी ते मागाहून लिहिलं नसेल कशावरून, असं विहीणबाई म्हणणार (त्यांच्या जागी मी असतो तर म्हणालो असतो). परक्याच्या घरातला पुरावा पाहिजे. तुमच्यानंतर एकशे एकोणपन्नास, कुंभारीच्या बजाबाई, विड्या वळतात. तुमचा शेरा त्यांच्या बिलाच्या पाठीवर. म्हणून रविवारी सुट्टीच्या दिवशी उन्हात कुंभारी गाठली आणि कामगारांच्या घरांमध्ये बजाबाई कुटं राहतात विचारत फिरलो. तिसऱ्या ओळीत सापडल्या. बिल त्यांनी देवाच्या फोटोमागं जपून ठेवलं होतं. मागल्या बाजूला कायतर उलटंसुलटं लिवलंय हे त्यांनी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. त्यांना वाटलं उर्दू हाय. शेजारच्या खालाला दाखवलं, ती म्हणाली हे आपलं न्हाय, तेलुगू असंल. पलीकडच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बाईनं बघून कन्नड सांगितलं. कन्नडवाल्यांनी बराच वेळ बघितलं आणि हे डॉक्टरचं अक्षर आहे असा निकाल दिला. इतक्या घरांतून फिरून आलेलं मराठी कुणालाच ओळखता आलं नव्हतं.

मी बिल मागितलं तर बजाबाई देईनात. चादरीचा रंग गेला तर काय दाखवू, म्हणाल्या. मी रंगाची हमी दिली. त्या म्हणाल्या, "तुमीच खाली छापलंय न्हवं, विकल्याला माल परत घेनार न्हाय? मग पावती बी परत मिळनार न्हाय." शेवटी मी पिशवीतून बुक काढून दुसरं बिल लिहून दिलं. त्यांनी उलटून बघितलं (या वेळी मी पुठ्ठा घातला होता, मागं बिलाची उलटी नक्कल तेवढी, शेरा नाही), आणि म्हणाल्या, "मागलं बी लिवा की. त्याच्याबिगर पावती खरी कशी?" तेव्हा अण्णा, त्यांच्या उंबऱ्यावर बसून, त्यांचाच आरसा गुडघ्यावर धरून, मी उलट्या अक्षरांत लिहिलं: "बाई लई हुशार. यांच्याशी वाद घालू नये." अर्धा तास लागला. वर बजाबाईंनी मला चहा दिला. पाणी विचारलं नाही, थेट चहाच दिला, आणि तो घशाखाली उतरताना मला तुमची आठवण झाली. खरं सांगतो, लाज वाटली.

असो. पत्र फार लांबलं, तुमच्या गुडघ्यावरून दुकानापर्यंत आणि तिथून कुंभारीला गेलं. रागावण्याचा तुमचा हक्क मला मान्य आहे, पण तो बिभीषणरावांवर काढावा. लहानांना आशीर्वाद, आणि चूकभूल द्यावी घ्यावी, हे एरवी मी सवयीनं लिहितो, आज मनापासून लिहितोय.

आपला,
शिवपुत्र

ता. क. : बजाबाईंचं बिल सोबत जोडलं आहे. पाठ आरशात धरावी. तरी आरसा जवळ नसेल तर इथं उतरवून देतो. तुमच्याबद्दल मी लिहिलं होतं: "आडतीतल्या हमालांना द्यायचे टॉवेल आणि पाहुण्यांना द्यायचे टॉवेल बाईंनी एकाच थप्पीतून काढले. मी हमालांसाठी हलकी थप्पी दाखवली तर ती सरकवून दिली. पोरगी या घरी सुखात राहील." सुपारी फुटली होती, अण्णा, पण तोपर्यंत माझ्या मनाला घोर होता. एकुलती एक पोर. त्या दिवशी दुपारी तो गेला, म्हणून लिहिलं.

ता. क. २ : बिलाच्या खालची एक पट्टी मी कात्रीनं कापली आहे. तीत एक ओळ होती. ती तुमच्याबद्दल होती आणि महत्त्वाची नव्हती. तिच्याविषयी विचारू नये.

ता. क. ३ : मी महेश्वरीची आई. यांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडं दिलं, म्हणून लिहिते. गुरम्माक्का, कापलेली ओळ दुकानातल्या गुलाबी पानावर तशीच आहे, मी जाऊन वाचून आले. ती अशी: "व्याही अगदी आपल्यासारखेच. बायको खरेदी करत असली की मिशीवरून हात फिरवतात आणि गप्प बसतात." बाकी यांनी एवढं लिहिलं, पण बोलवायचं तेवढं राहूनच गेलं. सोमवारी या. पोरगी तुमची वाट बघतीय. चहा मी स्वतः करणार आहे, तुमची रिक्षा वळायच्या आत.