घरात एकच साहेब

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून घरात शिस्त. कुत्र्याचं नाव साहेब आहे, इथेच पहिली चूक. नाव उज्वलानं ठेवलं. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढली, साहेब मी होतो. तिला जाऊन तीन महिने होतील, तरी कुत्रं अजून तिचंच ऐकतं. ती नसताना!
यूट्यूबवर पाहिलं. कुत्र्याला लीडर लागतो. लीडर दारातून आधी बाहेर पडतो. लीडर आधी जेवतो. लीडर आवाज चढवत नाही. मुदत महिनाभर. नाही जमलं तर निफाडला, मेहुण्याच्या द्राक्षबागेत रवानगी.
पण शब्द दिलाय. दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना, तेव्हा मीच हात जोडून म्हणालो की साहेबाला मी सांभाळीन. थोड्या वेळानं शिवला. मधे आमची लेक तृप्ती काहीतरी पुटपुटली, पण शिवला तो माझ्या शब्दावर.

४ नोव्हेंबर, स. ८
उज्वलाच्या फोटोकडे बघून भुंकतो. खालच्या फळीवर तिचा चष्मा, उदबत्तीचं घर, माझा गोळ्यांचा डबा, सगळं होतं तसंच. काहीही हलवलेलं नाही. रोज आठला ती तिथेच उभी असायची, हातात पाण्याचा पेला.
गप्प बस म्हणालो, शांतपणे. पंधरा मिनिटं भुंकला. सहाव्या वेळी माझा आवाज जरा चढला. शेजारचे सुनीलराव विचारून गेले की कुणाशी भांडताय.

५ नोव्हेंबर
संध्याकाळी फिरायला. दारातून मी आधी निघालो, तो पायातून. चपलेचा अंगठा तुटला.
कोपऱ्यावर पुंजाच्या टपरीसमोर साहेबानं फतकल मारली. मला सिगारेट घ्यायची होती असं नाही. सोडलेलीच आहे, आठवड्याची एखादी. ओढलं तर पट्टा निसटून माझ्या हातात, कुत्रं जागेवर. लोक जमले. पुंजा म्हणाला, राहू द्या साहेब, ताई रोज दुपारी त्याला हितंच आणून बसवायच्या, लय सवय हे त्याला. उज्वला टपरीवर कशाला यायची कोण जाणे.
रस्ता बदलून जॉगिंग ट्रॅकला गेलो. रस्ता लीडरच ठरवतो.

८ नोव्हेंबर
नाव बदललं. टायगर. दिवसभर हाका मारल्या, ढुंकून बघितलं नाही. रात्री जेवायच्या वेळी म्हणालो, साहेब, या ना आता. लगेच आला. नोंद : आज्ञा पाळली.

११ नोव्हेंबर, स. ८.२०
आज भुंकणं वेगळं होतं. वारा नव्हता, तरी चष्म्याची काडी हलल्यासारखी वाटली. अंगावर काटा आला. घाबरलो नाही. फोटोपुढे जाऊन उभा राहिलो. तोल जायला नको म्हणून हाताशी आला तो गोळ्यांचा डबा धरला, तर साहेब एकदम गप्प. झाकण उघडलं तर शेपूट हलवली. आता उघडलाच आहे तर एक बीपीची गोळी घेतली. ऑगस्टपासून बंद आहेत, मला बरंच वाटतं. तो जाऊन झोपला.
ठाम उभं राहिलं की जनावर ओळखतं. उद्यापासून एवढीही गरज पडणार नाही.

१२ नोव्हेंबर
गरज पडली असती. उभा राहिलो नाही. नऊपर्यंत भुंकला.

१५ नोव्हेंबर
लीडर आधी जेवतो. सातलाच जेवायला बसलो. साहेब ताटाकडे फिरकलाही नाही. बाल्कनीत तिच्या खुर्चीखाली बसून दाराकडे बघत होता. तिची भाजी आणून परतायची ही वेळ. थोड्या वेळानं मीही दाराकडे बघायला लागलो. सव्वासातला लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. आम्ही दोघंही उठलो.
सुनीलराव होते.
आठवण येते. एवढंच. व्हिडिओत यावर काही नाही.

२० नोव्हेंबर
नाही सहन होत. ती घरात आहे असंही वाटतं, आणि नाही असंही. भीती भुताची वाटत नाही, पुन्हा सव्वासात वाजतील याची वाटते. कुत्रं गेलं की हे थांबेल. मेहुण्याला, संतोषला फोन केला, तो पिकअप घेऊन हजर. म्हणाला, दाजी, एवढं शानं कुत्रं हाय, कशाला देताय? म्हटलं, बागेतली मोकळी हवा मिळेल. सांभाळणं म्हणजे तेच की.
दारातून आज मी आधी बाहेर पडलो. पहिल्यांदाच. साहेब मागे उभा राहून फळीकडे बघत होता.

२१ नोव्हेंबर, स. ८
शांतता. उत्तम.

२२ नोव्हेंबर
उत्तम. टपरीवर गेलो. दोन ओढल्या. पुंजानं विचारलं, साहेब कुठं हे? मीच साहेब आहे म्हणालो.

२३ नोव्हेंबर
संतोषचा फोन. कुत्रं खात नाय, आणि बागेत मजुरांना विडी ओढू देत नाय, पेटवली की समोर जाऊन बसतंय म्हणाला. विचित्र जनावर.

२४ नोव्हेंबर
बाथरूमच्या दारात चक्कर आली. सुनीलरावांनी दवाखान्यात नेलं. बीपी एकशे नव्वद. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कोण देतं? कुणी नाही, असं दोनदा म्हणालो. उगाच.

२५ नोव्हेंबर
तृप्ती पुण्याहून आली. आल्या आल्या विचारलं, साहेब कुठाय. सांगितलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, बाबा, आईला गेल्या दिवाळीतच कळलं होतं की वर्ष काढणार नाही. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिनं मला. म्हणून कुत्रं आणलं. दुपारी तुम्ही झोपलात की त्याला शिकवायची. आठ वाजले की डबा. टपरी दिसली किंवा कुणी पेटवली की समोर बैठक. तुम्ही कितीही ओढलंत तरी त्यानं हलायचं नाही.
मला वाटलं होतं, तिला विरंगुळा.
मग मी रामकुंडाचं विचारलं. तू काय पुटपुटलीस? ती म्हणाली, तुम्ही शब्द दिलात तरी कावळा हलेना. मग मी म्हणाले, आई, साहेब सगळं शिकलाय, तो बाबांना सांभाळेल, जा तू.
तेव्हा शिवला.

२६ नोव्हेंबर
निफाड. तृप्तीच्या गाडीचं दार मी उघडलं. पुढच्या सीटवर तो बसला. मी मागे.

२७ नोव्हेंबर, स. ८
साहेब भुंकले. गोळी घेतली.