दोन क्रेन, एक क्लार्क

८ फेब्रु. ८६, शनि.
लिटल क्रेन टाउनशिपची, म्हणजे आमच्या गावाची, सभा. फायर स्टेशनात, बंबाशेजारी, दुपारी एकला, म्हणजे गायींच्या दोन धारांच्या मधे. अध्यक्ष वॉल्ट, साठ गायींचा धनी. शेणाचे बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर सभा चालवतो. विषय: ओढ्यापलीकडच्या क्रेन टाउनशिपशी एक व्हायचं का. त्यांच्याकडे बर्फ ढकलायचा नवा ट्रक आहे, ड्रायव्हर नाही. आमच्याकडे ड्रायव्हर आहे, ट्रक गेल्या महिन्यात मेला. पत्रिका जुळली.
वॉल्ट म्हणाला, "हो म्हटलंत तर हे बोर्ड बरखास्त. माझ्यासकट." मग हात वर करायला सांगितले. सगळ्यांत आधी वर गेले ते बोर्डाच्याच तिघांचे.
घरी श्रीला सांगितलं, स्वतःची खुर्ची स्वतःच्या हातानं मोडणारी माणसं आज पाहिली. तो म्हणाला, "मीठ कमी आहे." खिचडीत. खरंच कमी होतं.

९ फेब्रु.
वीस वर्षं लोकांच्या खुर्च्यांवर विनोद करतेय. आरतीचं ताट कोणी धरायचं यावरून शिकागोचं मराठी मंडळ फुटलं, तेव्हा मी प्रहसन लिहिलं. दोन्ही तुकडे अजून माझ्याशी बोलत नाहीत. तेवढ्या एका बाबतीत त्यांची एकी.
कालच्या सभेवर मात्र एक वाकडी ओळ सुचेना. बरं नाही वाटत.

२२ फेब्रु., शनि.
आर्लीनकडे. सत्तरीची, लि. क्रेनची क्लार्क, लग्न झाल्यापासून. ऑफिस म्हणजे तिचं स्वयंपाकघर, इतिवृत्ताच्या वह्या पावाच्या कपाटात. तिचे हात थरथरतात म्हणून वर्षभर टायपिंग मी करते.
आज पहिली वही काढली, दौत-टाकाची. दोन्ही क्रेन मुळात एकच होत्या. पूल कुठे बांधायचा यावरून फुटल्या. फुटीचा ठराव एका ओळीचा. पुढच्याच ओळीत, त्याच अक्षरात: एक पांढरी मेंढी सापडली आहे, उजवा कान फाटका, ओळख पटवून न्यावी. दोन्हीला सारखीच शाई, सारखीच काळजी. बराच वेळ पान उलटवलं नाही.
आर्लीन: "नव्या बोर्डाला क्लार्क एकच लागेल. मी हे काम सोडतेय. तुझं नाव सुचवणार आहे."
"छे, मी कसली," म्हटलं, आणि येताना गाडीत चक्क गात होते. अकरा वर्षं इथे मी चीझ फॅक्टरीतल्या केमिस्टची, श्रीची, बायको. सिटिझन होऊनही केलं काय, तर हात वर. हवंय मला ते काम. हवंच आहे. (हे वाक्य फक्त इथे.)

१५ मार्च, शनि.
पलीकडेही ठराव मंजूर. दोन्ही क्रेनची पहिली एकत्र सभा, शाळेच्या जिममध्ये; नवं बोर्ड येईपर्यंत अध्यक्ष वॉल्टच. हे इकडे बसले, ते तिकडे. वॉल्ट म्हणाला, "एकाआड एकानं उठून पलीकडे जायचं." गेले. कुरकुरत, कोट उचलून, पण गेले. मंडळात असं कोणी सांगितलं असतं तर पोलीस बोलवावे लागले असते.
मग क्लार्क. आर्लीन उठली, नाव घेतलं. सुलभा. 'भ' सुद्धा नीट. घरी घोकला असणार. मी रीतीप्रमाणे, "नो, नो, समबडी बेटर मस्ट बी देअर." आता आग्रह होईल म्हणून स्वेटर सारखा करून बसले.
वॉल्ट: "ओके. थँक यू, सुलभा. एनीबडी एल्स?"
मग पलीकडच्या क्रेनचा ड्वेन, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा: "आय कॅन, आय गेस."
झालं. मतदान पुढच्या सभेत. नंतर कॉफी, केक. केकला कोणी आग्रह केला नाही. मीही घेतला नाही.

१६ मार्च
मीरा (सोळा, हातात सिरियलचा बाउल): "आई, यू सेड नो. ही हर्ड नो. व्हॉट्स द प्रॉब्लेम?"
श्री: "मंडळात चारदा नको म्हणालीस तेव्हा सेक्रेटरी झालीस."
"तिथे पाचव्यांदा विचारलं त्यांनी."
"म्हणून तर फुटलं."
मग न सांगता चहा केला त्यानं. म्हणजे चेहरा बराच पडला असणार.

१९ मार्च, बुध.
आर्लीनला सांगून टाकलं.
"पण तू नाही म्हणालीस."
"ते 'नाही' खरं नव्हतं. आमच्यात आधी नको म्हणायचं. मग लोक पुन्हा विचारतात."
"कितीदा?"
"तीनदा तरी. भली माणसं असली तर."
टेबल धरून हसली. "बिचारे. जेवायला कधी बसता मग?" डोळे पुसले आणि गंभीर झाली. "मी पुन्हा सुचवणार नाही. तुझं 'नाही' मी खरं धरलं, कारण तू शहाणी बाई आहेस. मतदानाआधी उभी राहून तुझं तू सांगू शकतेस. पण सांगावं लागेल."
जन्मात स्वतःसाठी काही मागितलं नाही. दुसऱ्या लाडवालाही आधी नको म्हटलंय. आणि ही माणसं पहिल्याच वेळी शब्द घेतात, बघतात, खिशात घालतात. भीती वाटते यांची. गाभाऱ्यात वाटते तशी.

२ एप्रिल
वेळी-अवेळी बर्फ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं: आमचा ड्रायव्हर, त्यांचा ट्रक. इतकी वर्षं पुलाच्या मध्यावर बर्फ ढकलायचं पातं उचलून ट्रक मागे फिरायचे, दोन्हीकडचे, आणि मधे बर्फाचा वीतभर बांध उरायचा. आज पातं उचललंच नाही. सरळ पलीकडे. पुलावर प्रथमच नुसता रस्ता दिसला.
चहा उतू गेला.

१२ एप्रिल, शनि.
जिमच्या बाहेर पायरीवर बसून लिहितेय. मोजणी होईपर्यंत उमेदवारांनी बाहेर थांबायचं, असा नियम.
म्हणजे उभी राहिले. "आय वॉन्ट द जॉब." चार शब्द. पुढे काही जोडायचा मोह गिळला. वॉल्टनं लिहून घेतलं. आर्लीन पुढच्या रांगेत, वळून बघितलं नाही तिनं. पाठ तेवढी ताठ झाली.
शेजारी ड्वेन. च्युइंगम पुढे केलं. नको म्हणणार होते, घेतलं.
म्हणाला, "तू नाही म्हणालीस म्हणून मी हो म्हटलं. मला तर स्पेलिंगही धड येत नाही."
"मग आत्ता नाव मागे का नाही घेतलंस?"
"हो म्हटलं होतं ना."
आत वॉल्ट मोठ्यानं मोजतोय. एकवीस, बावीस, तेवीस. थांबला. आता पुन्हा एकपासून. आधीचे कोणाचे होते ते मला ऐकू आलं नाही. ड्वेनलाही नाही. दोघं गम चघळत बसलोय.