खिडकीवरचा हात

कोल्हापूर,
१२ मे २०२५

तीर्थरूप दादांस,

जोतीरामचा साष्टांग नमस्कार. वहिनींनाही सांगा. इकडं सगळे बरे आहेत, ऊन तेवढं मरणाचं आहे. तुमची म्हैस वैरण खायला लागली का, ते कळवा.

फोनवर तुम्ही मला पुरं बोलू देत नाही, म्हणून कागद घेतला. काल तुम्ही आमच्या हिला सांगितलंत, अनुजानं चार माणसांत बापाची माफी मागितली तरच मी रविवारी तिच्या साखरपुड्याला येणार, नाहीतर सुपारी फोडायला दुसरा कोणतरी बघा. दादा, घरात थोरले तुम्ही. सुपारी तुमच्याच हातानं फुटायला पाहिजे. पण तुमच्या कानावर कुरुंदवाडात जे आलंय ते अर्धंच आहे.

तसं झालं काही विशेष नाही. लेक विमानात नोकरीला लागून दोन वर्षं झाली, तिच्या ड्युटीवर एकदा आपण जाऊन यावं म्हणून मी हैदराबादचं तिकीट काढलं. सकाळी जायचं, संध्याकाळी त्याच विमानानं परत. विमान सुटायच्या आधी माझा हात चुकून एका खिडकीला लागला आणि गैरसमज झाला. मला खाली उतरवलं. एवढंच.

वर लिहिलेलं मी आत्ता परत वाचलं. दादा, हात चुकून लागला नव्हता.

मला जागा मिळाली ती संकटकाळच्या खिडकीची. ती खिडकी म्हणजे दारच, आख्खं निघून हातात येतं. अनुजा आली, बापाला ओळख न दाखवता म्हणाली, "सर, नीट ऐका. आम्ही सांगितल्याशिवाय याला हात लावायचा नाही. सांगितलं तरी आधी बाहेर बघायचं, आग नाही, धूर नाही, मगच उघडायचं. जमेल का आपल्याला?" मी म्हटलं, "व्हय की, एकतीस वर्षं कंडक्टरकी केलीया." खरं सांगतो, मी त्यातला शब्दही मनावर घेतला नव्हता. शेजारी जयसिंगपूरच्या एक बाई होत्या, त्यांना कोपरानं ढोसून सांगत होतो, ही माझी पोरगी.

मग विमान धावपट्टीकडं गेलं आणि दुसरं उतरायचं होतं म्हणून तिथंच थांबलं. पाव तास झाला. आत भट्टी झाली होती. त्या बाई घामानं डबडबल्या, म्हणाल्या, "पावणं, जीव घुसमटाय लागलाय." माझं डोकं एसटीत गेलं. आमच्या गाडीला मागं संकटकाळचं दार असायचं. स्टँडवर मी त्यातनंच भाजीच्या बुट्ट्या आत घ्यायचो, कुणाला चक्कर आली की पहिलं तेच उघडायचो. लोक दुवा द्यायचे. इथं पण मी कुणाला न विचारता खिडकीच्या मुठीवरचं झाकण काढलं आणि मुठीला हात घातला.

"हात काढा."

दादा, एवढा आवाज आपल्या घराण्यात बाईमाणसानं कधी काढला नसेल. अनुजा समोरच्या खुर्चीवर पट्टा बांधून बसली होती. तिनं बाबा म्हटलं नाही. मी हात काढला. तिनं तिथला फोन उचलून पायलटला सांगितलं आणि विमान माघारी फिरलं. दोन पोलिसांनी मला जिना उतरवला. सगळं विमान बघत होतं. ती दारात उभी होती आणि मला म्हणाली, "सर, पायरी बघून."

पोलिसांनी माझ्याकडनं लेखी जबाब घेतला, पुन्हा असं करणार नाही म्हणून सही घेतली. घरी आलो ते पेटूनच. हिला म्हटलं, आजपासनं त्या पोरीचं नाव काढू नको.

संध्याकाळी ती आली. मी विचारलं, "बापाला उतरवताना काय वाटलं न्हाय व्हय गं?"

ती म्हणाली, "बाबा, तुमच्या खिडकीला लागूनच विमानाचा पंखा फिरत होता. दार निघालं असतं आणि त्या मावशी घाबरून बाहेर पडल्या असत्या तर त्यांचं काय राहिलं असतं?" मग म्हणाली, "मी तुमच्या तोंडाकडं बघितलंच नाही. बघितलं असतं तर आवाज निघाला नसता. मी नुसता हात बघितला." आणि दादा, सकाळपासनं ती हे मनात ठेवूनच दोन्ही फेऱ्या करून आली होती.

माझा राग तिथंच गेला. त्या विमानात सत्तर माणसं होती. त्यातला एक जण तिचा बाप आहे, हे तिला ठाऊक होतं, तरी बाकीच्यांचा जीव तिनं आधी बघितला. सर्व्हिसमध्ये असताना माझ्या गाडीत ओळखीचं माणूस चढलं की मी नियम बाजूला ठेवायचो. सगळी चांगला म्हणायची मला. माझ्यापेक्षा माझी लेक सरस निघाली, आणि हे लिहिताना मला काडीची लाज वाटत नाही. अभिमानच वाटतो.

तेव्हा तिनं माफी मागायची गोष्ट सोडून द्या. तिला मी ती मागू देणार नाही, मग तुम्ही आला नाहीत तरी. आणि माफी बाकी राहिलेली पण नाही. त्याच संध्याकाळी मी उभा राहिलो, लेकीपुढं हात जोडले आणि म्हटलं, "चुकलं माझं." आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं, तुम्हाला सुद्धा नाही. ती रडली. तिच्या आईनं आम्हा दोघांना जेवायला वाढलं.

रविवारी साडेदहाचा मुहूर्त आहे. पावण्यांनी विचारलं की मुलीच्या बापाला विमानातनं उतरवलं ते खरं का, तर मी उठून उभा राहून व्हय म्हणणार आहे. तेव्हा माझ्या शेजारी तुम्ही असावं, एवढंच मागणं.

आपला धाकटा भाऊ,
अनुजानं उतरवलेला
जोतीराम