मानेची गाठ आणि मेलचा फिल्टर

३ मार्च, सोमवार
मानेवरच्या गाठीत डॉक्टरांनी सुई घातली. दुखलं नाही. ओरडलो ते सावधगिरी म्हणून. डॉक्टर म्हणाले, बहुतेक साधीच असेल, पण तपासलेलं बरं. 'बहुतेक' हा शब्द मला आवडला नाही.
रिपोर्ट पाच दिवसांत लॅबकडून मेलवर येणार. काउंटरवरच्या बाई हिचा मेल लिहून घेत होत्या, मी मध्येच ठासून माझा दिला. घरात मेलमधलं कळतं ते मलाच. बाहेर पडताना हिला म्हटलं, तू काळजी करू नकोस. ती म्हणाली, काळजी नंतर करीन, आधी माझा हात सोडा, नखं रुततायत.
घाबरलो वगैरे अजिबात नाही.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ७.१०
मेल उघडला. न वाचलेले २,३४७. लॉटरी लागलीय, टकलावर केस उगवतील, माझं खातं आजच बंद होणार, आणि कुठल्याशा राजकन्येला फक्त माझ्याशीच बोलायचंय. या उकिरड्यात रिपोर्ट हरवला तर?
संकल्प : शुक्रवारपर्यंत इनबॉक्स लख्ख करायचा. ऑफिसात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढून काढला तेव्हापासून सगळे मला 'इंजिनिअर' म्हणतात, ते काही उगाच नाही.

५ मार्च, बुधवार
फिल्टर नंबर एक. विषयात 'तातडीचे' किंवा 'शेवटची संधी' असं काही असेल तर मेल थेट कचरापेटीत. संध्याकाळपर्यंत चाळीस गेले. फार समाधान.
मोबाइल टुंग वाजला की छातीत धस्स होतं. आवाज बंद करून ठेवला. बॅटरीही वाचते.

६ मार्च, गुरुवार
मेहुणा आला होता. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. म्हणाला, व्हायरस येतो तो जोडलेल्या फायलीतून, मित्राचा आख्खा कॉम्प्युटर बसला. ताबडतोब फिल्टर नंबर दोन : फाइल जोडलेला कुठलाही मेल कचऱ्यात.
मुलगी म्हणाली, अहो बाबा, रिपोर्ट फाइल जोडूनच येतो. तिला सांगितलं, या गोष्टी कॉलेजात शिकवत नाहीत. नंतर मलाही तिचं थोडंसं पटलं. पण एकदा बसवलेल्या यंत्रणेत सारखा हात घालायचा नसतो.

७ मार्च, शुक्रवार
रिपोर्ट नाही. म्हणजे सगळं ठीक. काही वाईट असतं तर त्यांनी घरी माणूस पाठवला असता.
आरशात गाठ पाहिली. परवापेक्षा मोठी वाटली. आरसा जुना झालाय.

१० मार्च, सोमवार
फिल्टर नंबर तीन. ओळखीच्या यादीत नाही त्याचा मेल नकोच. यादीत माणसं नऊ, त्यातला एक मेहुणा. मुलगी म्हणाली, मग लॅबचा पत्ता यादीत घाला, अर्ध्या मिनिटाचं काम. लॅबची पावती सापडत नाही असं सांगितलं.
पावती निळ्या शर्टाच्या खिशात आहे. शर्ट धुवायला टाकलेला नाही. अजून दोनदा घालता येईल.

१२ मार्च, बुधवार. दुपारी ३.००
यंत्रणेची परीक्षा. ऑफिसच्या पत्त्यावरून घरच्या पत्त्यावर स्वतःलाच मेल पाठवला. तासभर वाट पाहिली. आला नाही. फिल्टरने मलासुद्धा दाद दिली नाही! याला म्हणतात बंदोबस्त.
त्या आनंदात दोन कप चहा घेतला. गिळताना घशात काहीतरी अडकलं. सगळं अंग गार पडलं. बिस्कीट होतं.

१४ मार्च, शुक्रवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावून झाप झाप झापलं. परवा रात्री घरच्या मेलवर तीन मेल पाठवले, एकालाही उत्तर नाही, आणि कालच्या मीटिंगला मी गायब. साहेब यादीत नव्हते. म्हटलं, सध्या स्पॅमचा मोठा प्रॉब्लेम चालू आहे, मी स्वतः लक्ष घातलंय. साहेब म्हणाले, इंजिनिअर, तुम्ही आपले प्रिंटरमधले कागदच काढत जा.
ही दोनदा म्हणाली, लॅबला फोन करू का. म्हटलं, त्यांना त्यांचं काम करू दे.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०
झाला! इनबॉक्स शून्य. पडद्यावर लिहून आलं, 'येथे काहीही नाही.' हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी लॅपटॉप बंद करून पुन्हा उघडून पाहिला.
ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. मला भीती वाटते. भयंकर वाटते. आंघोळ करताना मानेला हात लागू नये म्हणून मी साबण लावत नाही. वडिलांची गाठसुद्धा 'बहुतेक साधीच' होती.
(वरच्या चार ओळी सवडीने खोडणे.)

१९ मार्च, बुधवार
लॅबमधून हिला फोन. त्या दिवशी काउंटरवर हिने गुपचूप आपला नंबर दिला होता. फोन ठेवून तिने लॅपटॉप आणून माझ्यापुढे ठेवला. मुलीने कचरापेटी उघडली. लॅबचे तीन मेल.
म्हटलं, तुम्ही वाचा, मी गॅस बंद आहे का बघून येतो. ही म्हणाली, गॅस बंद आहे, बसा.
मुलीने मोठ्याने वाचलं. पहिला ७ तारखेचा, फाइल जोडलेली. नमुना अपुरा, तपासणी करता आली नाही, कृपया पुन्हा यावे. दुसरा १२ तारखेचा. विषय : तातडीचे. तिसरा परवाचा. विषय : शेवटची संधी.
म्हणजे सोळा दिवस मी जो रिपोर्ट अडवत बसलो, तो निघालाच नव्हता.
मुलगी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. हिने वेगळंच काढलं. म्हणाली, मामंजींचं मला आठवत नाही असं वाटलं का तुम्हाला? मीही रोज घाबरतेय. निदान दोघांनी मिळून तरी घाबरायचं.

२० मार्च, गुरुवार
पुन्हा सुई. ओरडलो. सावधगिरी वगैरे काही नाही, भीतीच वाटली. हिने हात धरू दिला, फक्त सकाळी नखं कापायला लावली होती. डॉक्टर म्हणाले, बहुतेक साधीच. रिपोर्ट पाच दिवसांत, आणि या वेळी हिच्या मेलवर.
मुलीने माझे तिन्ही फिल्टर काढून टाकले. संध्याकाळपर्यंत राजकन्या परत हजर.
हिच्या मेलमध्येही बरीच घाण साचलेली असणार. ही स्वयंपाकघरात होती तेव्हा जरा मदत करावी म्हणून उघडायला गेलो.
पासवर्ड बदललाय.