पाऊण मिलिमीटर

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही, माफ कर. कामाचा व्याप होता असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. दर रविवारी कागद घेऊन बसायचो. हवापाणी लिहून झालं की पुढे जे यायला हवं ते यायचं नाही, आणि मी कागद फाडायचो. आज फाडणार नाही.

अप्पांना जाऊन वर्ष झालं. त्यांच्या गॅरेजच्या शेडच्या मालकाने महिनाअखेर जागा रिकामी मागितली आहे, म्हणून कॉलेजातले तास संपले की रोज तिथे जातो. पान्यांच्या फळीवर तू आखलेले आकार अजून दिसतात. बारा नंबरचा पाना तेव्हाही हरवलेला होता, आजही तिथे नुसता आकारच आहे. अप्पांनी घासून घासून आरसा केलेला तो कनेक्टिंग रॉड सापडला, ज्यात बघून तू केस विंचरायचीस आणि ते ओरडायचे. पिस्टनचं वजन करायला ते आईचा स्वयंपाकघरातला काटा पळवायचे, तोही इथेच निघाला. त्या काट्यापायी मी आईचे धपाटे खाल्ले होते.

ताडपत्रीखाली तुझी शर्यतीची मोटरसायकल आहे. मिनिटाला बारा हजार फेऱ्यांवर तिचं इंजिन किंचाळायचं, आणि अप्पा डोळे मिटून मान डोलवायचे, समोर गवई बसल्यासारखी. तुझ्या त्या शेवटच्या शर्यतीनंतर त्यांनी ते इंजिन उघडलंच नाही.

आता खरं लिहितो. आदल्या दिवशीचं माप मी घेतलं होतं. तुला आठवत असेल: पिस्टनच्या डोक्यावर मुलांची खेळायची माती थापायची, हेड आवळायचं, इंजिन हाताने दोनदा फिरवायचं, मग उघडून मातीत व्हॉल्व्हचा ठसा उमटतो तिथली जाडी मोजायची. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये अंतर तेवढंच. दीड मिलिमीटरच्या खाली जायचं नाही, हा अप्पांचा नियम. हेडखाली बसतं ते शर्यतीचं पातळ गॅस्केट एकच उरलं होतं, आणि एकदा आवळलं की ते दबून जातं. ते वाचवायला मी मापापुरतं जुनं, जाड गॅस्केट घातलं. दोन्हींतला फरक पाऊण मिलिमीटर, म्हणजे माप तेवढं जास्त येणार. तो मागाहून वजा करू, असं मनात म्हटलं. माप आलं एक पॉइंट सहा. मी ऐटीत अप्पांना एक पॉइंट सहा सांगितलं. वजा करायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी वळणाच्या तोंडाशी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला, इंजिन जाम झालं आणि तू पडलीस. ती वजाबाकी मला तिसऱ्या दिवशी आठवली, तुझा डबा घेऊन हॉस्पिटलचा जिना चढताना. किती वेळ जिन्यात उभा होतो कोण जाणे. वर आलो आणि डबा गार झाला म्हणून तुझी बोलणी खाल्ली. अप्पा सत्तावीस वर्षं म्हणत राहिले की चूक त्यांची, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्यांनीच मऊ निवडल्या, आणि मी म्हणू दिलं. तुझा गुडघा पुन्हा पुरता वाकला नाही.

इंजिन उघडून काय झालं ते बघावंसं वाटतं. पण आधी तुझं उत्तर हवं. राग आला असेल तर तोच लिही, लोभाचं मागाहून बघू.

तुझा धाकटा

दि. ११ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

शाळेत पेन्सिली मोजून ठेवायचास तेव्हा हे नाव मी ठेवलं होतं. ते अजून शोभतंय.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा तुला एक धपाटा द्यावासा वाटला. अरे गाढवा, मला माहीत होतं. अप्पांनाही माहीत होतं. शर्यतीहून परत आल्यावर त्यांना टेबलावर ते जाड गॅस्केट दिसलं, ताज्या तेलाचं, कडेला मातीचे कण चिकटलेलं. हॉस्पिटलात तू पाणी आणायला खाली गेला होतास तेव्हा त्यांनी मला सांगितलं. मग मी त्यांना माझं सांगितलं. त्या वळणाआधी मी एक नाही, दोन गिअर खाली आणले होते. मागची लाल गाडी अंगावर येत होती आणि मला तिला पुढे जाऊ द्यायचं नव्हतं. फेऱ्यांची सुई लाल रेघेच्या पार पलीकडे गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. त्यावर अप्पांनी त्यांचं सांगितलं. माप दोघांनी वेगवेगळं घ्यायचं, आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, मग चिठ्ठ्या एकदम उघडायच्या, ही शिस्त त्यांनीच घातलेली. त्या दिवशी तुझा आकडा ऐकून ते स्वतःचं माप न घेताच हात धुवायला उठले. आपला मुलगा चुकणार नाही, याचा त्यांना ताठा होता म्हणे.

मग आम्ही दोघांनी ठरवलं की इंजिन उघडायचं नाही. उघडलं की कुणाचा वाटा किती ते मोजत बसणं आलं, आणि आपल्या घरात मोजायची खोड कुणाला आहे ते तुला ठाऊक आहे. तुझी परीक्षा होती. कळलं तर पोरगं पुन्हा व्हर्निअर हातात धरणार नाही, असं अप्पा म्हणाले. न सांगताही तू धरला नाहीस, तिथे आमचा अंदाज साफ चुकला. परीक्षा झाली, वर्षं गेली, आणि मग इतक्या उशिरा कसं सांगायचं म्हणून मी गप्प राहिले. तुझं ओझं मी हलकं करू शकत होते आणि केलं नाही. त्याची माफी मी मागते.

आता ड्रायव्हिंग शिकवते. घाईने गिअर खाली आणू नका, हा माझा पहिला धडा. शिकाऊंना वाटतं बाई फार शिस्तीच्या आहेत.

उघड इंजिन. पण नुसतं उघडून बघत बसू नकोस, दुरुस्त कर. मला ते एकदा बारा हजारांवर ऐकायचं आहे, गाडी स्टँडवर लावून का होईना. तीस तारखेला येते. तुझे भावोजी म्हणतात, दोघांचीही डोकी तपासून घ्या.

तोवर जपून राहा आणि कागद फाडू नकोस.

ताई

दि. २३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझ्या पत्राचा मला राग आला. चार दिवस टिकला. आपल्याला रागवायचा हक्क आहे का, हा विचार करण्यातच त्यातले दोन गेले.

मग हेड उघडलं. एक व्हॉल्व्ह वाकलेला, आणि पिस्टनच्या डोक्यावर नखाएवढी अर्धगोल खूण. माझ्या पाऊण मिलिमीटरची, तुझ्या दोन गिअरची की अप्पांनी न घेतलेल्या मापाची, हे काही तिच्यावर लिहिलेलं नाही. भिंग लावून बराच वेळ बघत होतो. सवयीने खोलीही मोजली, पण वहीत लिहिली नाही. असं माझ्या हातून पहिल्यांदाच घडलं असेल.

अप्पांच्या जोडीचे टर्नरकाका आठवतात ना? त्यांनी त्या मापाचा पिस्टन कुठूनसा शोधून आणला आणि नवा व्हॉल्व्ह घासून बसवून दिला. मला पाना उलटा फिरवताना बघून म्हणाले की मास्तर लोकांनी खडूच धरावा. तरी रोज येऊन स्टुलावर बसतात आणि मला हलू देत नाहीत. शेडच्या मालकाने आठवडा वाढवून दिला. लहानपणी तो कंपाउंडबाहेर उभा राहून ते इंजिन ऐकायचा, हे त्याने आता सांगितलं.

पातळ गॅस्केटं या वेळी दोन आणली, एक मापाला आणि एक घालायला. दुकानदाराने विचारलं, एका इंजिनाला दोन कशाला. मी म्हटलं, मला वजाबाकी येत नाही.

माझा आकडा तुला कळवणार नाही. चिठ्ठीवर लिहून, घडी घालून अप्पांच्या चष्म्याखाली ठेवीन. तू आलीस की तुझं माप तू घे, तुझी चिठ्ठी तू लिही. दोन्ही एकदम उघडू. आकडे पटले तरच किक मारायची.

लोभ आहे तसाच असू दे, आता त्यातून काही वजा करायचं उरलेलं नाही.

तुझा
मोजपट्टी

ता. क. उद्याचं काम: खेळण्यांच्या दुकानातून माती आणणे.